सुरगाठ, स्टार आणि आजीचं ‘हं’

ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही वारज्याला राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि दुसरीत जाणारा सात वर्षांचा मुलगा. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मी फ्रिजवर एक तक्ता लावला. न सांगता दात घासले, दप्तर भरलं, आल्यावर डबा बेसिनमध्ये ठेवला की एकेक स्टार. वीस स्टार झाले की एक छोटी वस्तू. पहिले पंधरा दिवस घरात स्वर्ग होता. आता तांब्याभर पाणी आण म्हटलं तरी ‘किती स्टार?’ असं विचारतो. चित्रं काढायचा त्याला आधीपासून नाद. म्हणून त्यालाही दोन स्टार ठेवले, तर आता पाच मिनिटांत चार चित्रं खरडून आणतो. बुटाची लेस बांधायला शिकवतेय, तिथे पाच स्टार लावूनही उपयोग नाही, दुसऱ्या मिनिटाला बूट भिरकावतो. सासूबाई म्हणतात, ही लाच आहे, पोराला आत्तापासून टेबलाखालचे व्यवहार शिकवतेस. गंमत म्हणजे त्यांनीच सुट्टीत त्याच्याकडून रामरक्षेचे बारा श्लोक पाठ करून घेतले, एकही स्टार न देता. माझं कुठे चुकलं? तक्ता फाडून टाकू का?
— एक आई, वारजे

सप्रेम नमस्कार.

तक्ता फाडू नका. रागाने फाडलात तर चिरंजीव एवढंच शिकतील की आईचा शब्द तिच्या मूडवर असतो. जमलेले स्टार त्याने कमावलेले आहेत. वीस भरले असतील तर ठरलेली वस्तू मुकाट्याने द्या, मग पुढचं बघू.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, अगदी शेवटाकडे, ‘गंमत म्हणजे’ असं म्हणून तुम्ही जिथे सासूबाईंचा विषय काढलात तिथे. मला ती गंमत वाटली नाही. पेठेतल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं शिशुवर्ग ते दुसरी शिकवली. तुमच्या सासूबाई माझ्या वर्गाच्या दाराशी आल्या असत्या तर मी खडू त्यांच्या हातात देऊन बाकावर बसले असते.

मी तुमच्या घरी नव्हते, पण त्या कशा बसल्या असतील ते पैजेवर सांगते. दिवेलागण झालेली, नातू मांडीला मांडी लावून शेजारी. त्यांनी श्लोकाचा अर्धा चरणच म्हटला असेल. तो त्याने म्हटला. बरोबर आला तर ‘हं’, आणि लगेच पुढचा अर्धा. एखाद्या जोडाक्षरावर जीभ अडखळली की त्या थांबल्या, तेवढाच शब्द फोडून म्हटला, त्याच्याकडून म्हणवून घेतला, पुन्हा ‘हं’. ‘इतकंही येत नाही?’ असं विचारलं नसणार, आणि ‘वा वा, किती गोड आवाज’ असंही म्हटलं नसणार. दोन-चार दिवसांनी त्यांनी आपला आवाज काढून घेतला. आधी पूर्ण ओळ म्हणत होत्या, मग ओळीचा पहिला शब्द, मग नुसती भुवई. शेवटी तो एकटाच म्हणत होता आणि त्या वाती वळत बसल्या होत्या. आपल्याकडे याला संथा देणं म्हणतात.

बी.एड.च्या पुस्तकात यालाच प्रबलन असा जड शब्द आहे. अर्थ साधा आहे: एखादी कृती केली की लगेच काहीतरी हवंसं वाट्याला आलं, तर ती कृती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते. ते हवंसं म्हणजे गोळी असेल, स्टार असेल किंवा आजीचं ‘हं’ असेल. या ‘हं’चे दोन मोठे गुण आहेत. ते त्याच क्षणी येतं, आणि नेमकं कशासाठी आलं याबद्दल मुलाच्या मनात शंका राहत नाही. सकाळी दात घासले आणि संध्याकाळी आईने ऑफिसमधून येऊन तक्त्यावर स्टार चिकटवला, तर मधल्या दहा तासांत त्याने पन्नास गोष्टी केल्या. तो स्टार त्यातल्या कशाचा? सात वर्षांच्या मुलाला हिशेब समजतो, पण तो त्याच्या अंगात भिनत नाही.

आता लाचेचा मुद्दा, कारण घरातली खरी ठसठस तीच दिसते. सासूबाई अगदीच चूक नाहीत. त्यांनी बोट फक्त चुकीच्या जागी ठेवलंय. ठरवून, काम झाल्यावर दिलेलं बक्षीस ही लाच नव्हे, नाहीतर महिन्याच्या एक तारखेला अख्खं पुणे लाच घेतं असं म्हणावं लागेल. लाच कुठे असते सांगते. तुम्ही दोघं तुळशीबागेत गेला आहात. त्याला एक गाडी हवी आहे. तुम्ही नाही म्हणता. तो पुन्हा मागतो, तुम्ही पुन्हा नाही म्हणता. चौथ्यांदा तो फतकल मारतो, आवाज चढवतो, बायका वळून बघायला लागतात, आणि पाचव्यांदा तुम्ही पर्स उघडता. गाडी हातात येताक्षणी तो गप्प. इथे दोघांचंही शिक्षण झालं. पाच वेळा मागावं लागतं आणि चौथ्यांदा जमिनीवर बसावं लागतं हे तो शिकला. पैसे दिले की रडणं थांबतं हे तुम्ही शिकलात, आणि पुढच्या खेपेला तुमचा हात पर्सकडे जरा लवकर जाईल. अशा वेळी कोण कोणाला वळण लावतंय हे मला एकतीस वर्षांत नीटसं ठरवता आलेलं नाही. म्हणून नाही म्हणायचं तर शेवटपर्यंत नाही, आणि द्यायचंच असेल तर पहिल्या मागणीलाच हसून द्या.

तक्त्याने दप्तर भरलं गेलं, पण लेस बांधली गेली नाही. का, ते बघा. दप्तर भरणं त्याला येतच होतं, कंटाळा आड येत होता. कंटाळ्यावर स्टार चालतो. लेस त्याला येतच नाही. न येणाऱ्या गोष्टीवर पाच स्टार लावा नाहीतर सोन्याचं कडं लावा, बोटांना वाट माहीत नसेल तर ती चालणार कशी? उलट बक्षीस जितकं मोठं, तितकं हुकल्याचं दुःख मोठं. बूट भिरकावतो तो त्यामुळे. तिथे बक्षीस वाढवायचं नसतं, घास लहान करायचा असतो.

लेस बांधणं ही एक गोष्ट नाही, सहा आहेत. दोन टोकांची फुली, एक टोक फुलीखालून काढून आवळणं, एका टोकाचा कान करणं, दुसरं टोक त्या कानाभोवती फिरवणं, मधल्या भोकातून दुसरा कान ढकलणं आणि दोन्ही कान ओढणं. आपण मोठी माणसं पहिल्यापासून सुरू करतो, मूल तिसरीवर अडतं, आपण ‘आण इकडे’ म्हणून स्वतः बांधतो. म्हणजे त्याच्या प्रत्येक प्रयत्नाचा शेवट हरण्यात.

तुम्ही उलटीकडून शिकवा. पहिल्या पाच पायऱ्या तुम्ही करायच्या आणि सहावी, दोन्ही कान धरून ओढणं, एवढीच त्याची. ते त्याला जमणारच. ओढलं, गाठ बसली, बूट बांधला गेला, आणि तो त्याने बांधला. त्याच क्षणी ‘हं, बसली गाठ’. असं चार-पाचदा झालं की थांबा, त्याला अजून हवं असतानाच थांबा. सहज ओढायला लागला की शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्याकडे द्या, मग तीन. एखाद्या पायरीवर तीन-चार दिवस गेले तर जाऊ द्यात. सगळ्यात रेंगाळणारी पायरी म्हणजे दुसरा कान भोकातून ढकलणं. तिथे बोटाऐवजी अंगठ्याने ढकलू दे. अडलाच तर तीच पायरी अजून अर्धी करायची: भोक तुम्ही मोठं धरून ठेवा, त्याने नुसतं ढकलायचं.

जागा आणि वेळ यांनाही महत्त्व आहे. सकाळी सात दहाला खाली व्हॅनवाले काका हॉर्न वाजवत असताना जगातली कुठलीच गोष्ट शिकवता येत नाही. सकाळी निमूटपणे तुम्ही बांधून द्या, त्यावर भाष्य नको. शिकवणी संध्याकाळी, पाच मिनिटं. पायात नसलेला जुना बूट, त्याचं नाक त्याच्यापासून दूर करून टेबलावर ठेवलेला. दोन्ही टोकांना वेगळा रंग हवा. एक पांढरी आणि एक निळी लेस मध्यावर एकमेकींना गाठून ओवली की झालं. ‘हे टोक, ते टोक’ असं सांगण्यात जो अर्धा वेळ जातो तो वाचतो. आणि त्याला शब्दही द्या: ओढली की सुटते ती सुरगाठ, ओढली की आवळते ती निरगाठ. माझ्या वर्गात पोरं निरगाठ झाली की ‘बाई, निरगाठ!’ असं ओरडत यायची. तेव्हापासून त्यांना आपलं काय चुकलं हे सांगता यायला लागलं. रडण्यापेक्षा ते बरंच पुढचं.

चित्रांचं मात्र मला मनापासून वाईट वाटलं. ते दोन स्टार उद्यापासून बंद करा.

ही चूक मीही केलेली आहे, म्हणून हक्काने सांगते. एक वर्ष मी वर्गातल्या पेटीतलं गोष्टीचं पुस्तक वाचून संपवणाऱ्याला एक लिमलेटची गोळी ठेवली. पहिल्या आठवड्यात पेटीवर झुंबड. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की सगळे फक्त आठ पानांची पुस्तकं उचलताहेत. आधी जाड पुस्तक दप्तरात लपवून घरी नेणारी एक मुलगी होती, तीही त्यांत होती. गोळ्या संपल्या तशी पेटीही ओस पडली. दिवाळीनंतर पुन्हा कोणी हात लावेपर्यंत मी रोज मधल्या सुट्टीत तिथे बसून स्वतः वाचत होते, प्रायश्चित्त म्हणून.

हे माझ्या एकटीच्या वर्गाचं दुर्दैव नव्हतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिशुशाळेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांची मुलं, सगळी स्केचपेनने चित्रं काढायला आवडणारी. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता, चित्र काढून झाल्यावर अचानक तेच प्रमाणपत्र दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेनं नुसती ठेवून पाहिलं, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. बक्षिसाच्या वेळची त्यांची चित्रंही दर्जाने उणी होती. पाच मिनिटांत चार! तुमच्या चिरंजीवांनी वारज्यात बसून तोच निष्कर्ष काढलाय. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काहीच बिघडलं नाही, हेही लक्षात ठेवा. जे मूल आपणहून, आनंदाने करतं त्याला दर लावू नये. दर लागला की ते काम होतं.

मग स्टार बंद केल्यावर त्याने चित्रंही बंद केली तर? काही दिवस करेलही. करू द्यात. तुम्ही शेजारी बसून त्याच्या जुन्या एखाद्या चित्राबद्दल खरा प्रश्न विचारा. ‘या बसला दार मागे का आहे?’ असा. मुलं आपल्या बसची बाजू मांडायला लगेच येतात.

बाकीच्या स्टारांचं काय? ते हळूहळू विरळ करायचे आहेत, आणि इथे एक किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. प्रबलनाचा शास्त्रोक्त अभ्यास ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते बी. एफ. स्किनर उंदरांवर प्रयोग करत. उंदराने कळ दाबली की अन्नाची एक गोळी. त्या गोळ्या ते स्वतः बनवत. एका शनिवारी त्यांनी साठा मोजला, तर सोमवारी सकाळी खडखडाट होणार होता, आणि सुट्टीची संध्याकाळ गोळ्या वळण्यात घालवायची त्यांची इच्छा नव्हती. म्हणून त्यांनी दर दाबण्याला गोळी देणं थांबवून मिनिटाला एकच गोळी ठेवली. उंदीर कळ दाबत राहिलेच. पुढे बऱ्याच प्रयोगांतून दिसलं की अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसावर बसलेली सवय, दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा जास्त चिवट असते. (माणूस सदाशिव पेठेत जन्मला असता तर ही काटकसर त्याला पहिल्याच दिवशी सुचली असती.) तुळशीबागेतला हट्ट इतका चिवट का असतो, याचंही उत्तर यातच आहे. तो कधीतरीच फळतो.

तेव्हा नवी सवय लावताना सुरुवातीला दर वेळी, आणि ती रुळली की कधी दिला, कधी नाही. सायकल शिकताना दादा सीट धरून मागे पळायचा ना? तो पहिल्याच दिवशी सोडून देत नसे आणि दहावीपर्यंत धरूनही ठेवत नसे. कधी सोडली ते मागे वळून पाहिल्यावरच कळायचं. दात घासणं आता रुळलं असेल तर त्याची ओळ तक्त्यावरून काढा. काढताना आदल्या दिवशी त्याला सांगा: ‘हे तुला आता येतं, याला स्टार लागत नाही.’ बढती झाल्यासारखं सांगा. तरी तो भांडेल. चार-पाच दिवस आधीपेक्षा जास्त ‘किती स्टार?’ ऐकू येईल. नळाचं पाणी जाताना जसा तो आधी जोरात फुसफुसतो तसंच हे आहे. त्या चार दिवसांत तुम्ही एकदा जरी वैतागून ‘घे बाबा एक’ म्हणालात, तर पुन्हा जूनपासून सुरुवात. पाणी आणून देण्यावर स्टार नव्हता, नाही आणि नसेल. तांब्या घेऊन ‘बरं झालं आणलंस, उन्हातून आले होते’ असं म्हटलं की पुरतं.

कौतुकाविषयी आपण पुणेकरांनी बोलावं का, असा प्रश्न आहे. आपल्याकडे ‘वाईट नाही झालंय’ ही सर्वोच्च पदवी आहे. भीती अशी की कौतुक केलं की पोर डोक्यावर चढतं किंवा दृष्ट लागते. दुसरीकडे हल्लीचे आईबाप शिंक आली तरी ‘वॉव, सुपर!’ म्हणतात. दोन्हींत मुलाला काहीच कळत नाही. ‘कालपेक्षा कान घट्ट बसला’ यातून कळतं. आणि ‘हुशार आहेस’ हे शक्यतो टाळा. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी पाचवीच्या मुलांवर केलेल्या आणि 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सोपी कोडी सुटल्यावर काहींना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘छान मेहनत केलीस’. पुढे अवघड कोडी हुकली, तेव्हा हुशार ठरवलेली मुलं लवकर नाउमेद झाली, आणि आपले गुण दुसऱ्यांना सांगताना खोटंही जास्त बोलली. स्कॉलरशिपच्या वर्गांनी भरलेल्या या शहरात हे वाचून मला फारसं आश्चर्य वाटलं नव्हतं.

एक जुना शब्द मात्र बिनधास्त वापरा: शाब्बास. तो फारसीतून आला, ‘शाद बाश’, म्हणजे आनंदी राहा. पाठीवर थाप मारून म्हटला की त्याला तक्ता लागत नाही.

आणि सासूबाई. तुमच्या पत्रात त्या विरोधी पक्षात आहेत. त्यांना सत्तेत घ्या. लेसचा जुना बूट त्यांच्या हातात द्या आणि सांगा, ‘आई, रामरक्षेसारखीच संथा द्याल का याला? मला ते जमत नाही.’ हे खरंही आहे, म्हणून म्हणायला जड जाऊ नये. त्या एकदा म्हणतील, ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती.’ पण बूट घेतील. नवरोबांचा पत्रात एवढाच उल्लेख आहे की ते घरात राहतात. त्यांना काय शिकवायचं ते वेगळं पत्र आल्यावर पाहू.

एक विचारायचं राहिलं. चिरंजीव डावखुरे आहेत का? तुम्ही उजव्या असाल आणि तो डावखुरा असेल, तर शेजारी न बसता त्याच्या समोर बसा, म्हणजे आरशात पाहिल्यासारखी बोटं दिसतील. दोघंही उजवे असाल तर मात्र शेजारीच, खांद्याला खांदा लावून. कधी कधी भिरकावलेल्या बुटाचं कारण एवढंच निघतं.

तुमची,
ताई